घोटीव

दफ्तरात माझं काम सोपं आहे.
रुमाल सोडायचा, पान काढायचं,
काचेखाली सपाट धरायचं, श्वास रोखायचा,
खटका दाबायचा.
पानामागे साठ पैसे.
फाटलं तर दंड, आणि तो साठ पैसे नसतो.

मला मोडी येत नाही.
खांबेट्यांना येते. चष्मा कपाळावर चढवून
ते घडाघडा वाचतात, सकाळचा पेपर वाचावा तसं:
कुणाला किती गावं इनाम,
कुठल्या दिवाणखान्याला किती तेल,
कुणाच्या हत्तीला किती तूप.
मी विचारते, कागदाचं काय लिहिलंय?
कागदावर ना? तेच तर वाचतोय.
नाही. कागदाचं.

दीड महिन्यांनी एका टिपणात सापडलं:
कागद जुन्नरी, घोटीव, दस्ते चाळीस.
पुढे आकडा. आकड्यापुढे कोरं.
कुणी घोटला ते नाही.
हत्तीचं नाव होतं, बरं का.

माझं आडनाव कागदी.
कसब्यातून नदीकडे उतरताना आमचा पुरा.
नाव उरलंय, कागद नाही.
अब्बांच्या दाद्यांनी शेवटची छपरी
कोंबड्यांच्या खुराड्याला झाकण म्हणून लावली.
आमच्या घरी इतिहास एवढाच,
आणि तोही हसत हसत सांगतात.

उरलेलं मी बोटांनी शिकले.
अठराशे दहाचं पान घ्या. वाकवा.
वाजतं, नव्या नोटेसारखं.
गोणपाट, जुने दोर, चुन्यात कुजवलेले,
ढेकीखाली कुटलेले, मुठेच्या पाण्यात धुतलेले,
छपरीवर उचलून भिंतीला चिकटवलेले,
मग खळ, मग दगडाने घोटणं,
खांदा उतरेपर्यंत घोटणं.
कुणाचा खांदा, विचारू नका.
पानाला विचारा, ते अजून गुळगुळीत आहे.

अठराशे ऐंशीचं पान घ्या.
नका घेऊ.
गिरणीचं, विलायती, उजेडात धरलं की आत मुकुट दिसतो.
बोट लागलं की खारी बिस्किटासारखं झडतं.
माझे सगळे दंड या पानांचे.

खांबेटे म्हणतात, अहो, स्वस्त पडायचं ते.
स्वस्त.
हा शब्द मी बसमधून घरी घेऊन गेले.
भाकरी थापताना उलटा करून पाहिला.
इथल्या चिंध्या बोटीत बसून गेल्या,
ताग गेला, कापूस गेला,
आणि परत आला तो कागद,
त्यावर साऱ्याचे रकाने आधीच छापलेले.
जाताना वजनावर गेला माल,
येताना नावावर आला.
मधल्या समुद्रात काय घडलं
ते कुठल्या रुमालात बांधलंय?
भाकरी करपली.

कचेऱ्यांना हुकूम सुटला होता म्हणे,
यापुढे तिकडचाच कागद वापरावा.
त्या हुकुमाची इथली नक्कल, खांबेटे शपथेवर सांगतात,
आमच्याच कागदावर आहे.
म्हणून तर टिकली.

मी काढलेली चित्रं कुठे जातात, परवा विचारलं.
सुपरवायझर म्हणाला, सर्व्हरवर.
सर्व्हर कुठे? कुठल्याशा थंड देशात.
मग बघायची कशी?
वर्गणी आहे. डॉलरमध्ये.
मी हिशेब केला, तो मला येतो:
एका महिन्याची वर्गणी म्हणजे
माझी आठ हजार पानं.

आज चाळीस दस्त्यांचं ते टिपण काचेखाली आलं.
खटका दाबला आणि पाहिलं,
कोपऱ्यात माझं बोट आलंय,
मेंदी उतरत आलेलं नख, अर्धं पेर.
नियमाप्रमाणे पुन्हा काढायला हवं.
आकड्यापुढच्या कोऱ्या जागेवरच होतं ते.

नाही काढलं.
पुढचं पान घेतलं.
बघू किती कापतात.